लाल ठिपके, गुलाबी ठिपके

सात दिवस. सात दिवस सरकारी पाहणीची ती पांढरी बोट गुलाबी ठिपक्यांवर दोऱ्या सोडून बसली होती, आणि मी इकडे कापणी शेडमध्ये सुरी चालवत रोज मनाशी म्हणत होते, आज मिळणार, आज नक्की मिळणार. आठव्या दिवशी सकाळी ती परत आली. डिझेल संपलं होतं, बर्फ होता तेवढाच होता. बर्फ उरला म्हणजे काय झालं, ते धक्क्यावर कोणाला विचारावं लागत नाही.

ती गुलाबी ठिपक्यांवर बसली होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तासाभरानं कळलं. ज्या तऱ्हेनं कळलं ती आठवली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पण आधी ठिपक्यांचं सांगते, नाहीतर तुम्हीही त्या साहेबासारखे मान डोलवत बसाल.

मला धक्क्यावर पोटफाडी म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचं काही चुकलं नाही. शेडमधलं तिसरं टेबल माझं. टूना, तलवारमासा, जे काही मोठं धूड येईल ते माझ्यासमोर आडवं होतं. डोकं वेगळं करायचं, पोट उघडायचं, आतलं सगळं बादलीत. बाकीच्या बायका बादलीत बघत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे, बघण्यासारखं त्यात काही नसतं. मी मात्र बघते. अकरा वर्षांपूर्वी एका तलवारमाशाच्या पोटातून माझ्या हातात एक माकूळ, हॉटेलवाल्यांची स्क्विड, आली. किनाऱ्याजवळच्या जाळ्यात येते ती माकूळ वीतभर. ही माझ्या हातभर लांब, उशीसारखी जाड, तांबूस, आणि अंगावरची कातडी अजून तुकतुकीत. एवढी मोठी माकूळ आमच्या बंदरात कोणी धरली नव्हती. म्हणजे ती कुठेतरी खोल पाण्यात होती, आणि आमच्या आधी त्या माशाला तिचा पत्ता लागला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक कप्तानाला विचारायला लागले, "हा कुठे धरलास?" सुरुवातीला लोकांचा भलताच समज झाला. एक विधुर कप्तान तर भांग पाडून यायला लागला. पुढे त्यांना कळलं की बाईला त्यांच्यात नाही, त्यांच्या माशाच्या पोटात रस आहे. मग सांगायला लागले.

माझ्या धाकट्या भावाचा एक जुना समुद्राचा नकाशा होता, तो कपाटाच्या फळीवर अंथरणार होता. मी मागून घेतला आणि खोलीच्या दाराला आतून लावला. भाचीच्या दोन नेलपॉलिशच्या बाटल्या घेतल्या. पोटात माकूळ कातडीसकट निघाली तर लाल ठिपका. नुसती चोच निघाली तर गुलाबी. माकुळीला पोपटासारखी काळी चोच असते. ती पचत नाही, दिवसचे दिवस माशाच्या पोटात पडून राहते. तेवढ्या दिवसांत मासा कुठून कुठे पोहून येतो. चोच एवढंच सांगते की यानं कधीतरी माकूळ खाल्ली होती. कातडी सांगते की आत्ता खाल्ली, इथेच खाल्ली. यात कळायला अवघड काही नाही. कोणी विचारलं असतं तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

अकरा वर्षांत गुलाबी ठिपके शेकड्यांनी झाले. बंदराच्या तोंडापाशी तर नकाशाला पुरळ उठल्यासारखे, कारण आमच्या बोटी तिथेच जास्त फिरतात. लाल ठिपके सव्वीस. त्यातले एकोणीस एकाच जागी, नैर्ऋत्येला, जिथे समुद्राचा तळ एकदम खाली जातो.

आता धाकट्याचं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याचं नाक पुसण्यापासून लग्न ठरवण्यापर्यंत सगळं मी केलं. माझंही लग्न झालं होतं, टिकलं नाही, आणि मी त्याच्याच घरात वरच्या खोलीत राहते. त्याची बोट लहान, आणि जवळच्या पाण्यात आता मासा उरला नाही. दोन वर्षं तो निम्मे दिवस धक्क्यावर बसून काढतो. गेल्या महिन्यात त्यानं एका लांबच्या कंपनीच्या जहाजावर खलाशी म्हणून जायचा फॉर्म भरला. दोन वर्षं सलग, मध्ये घरी येणं नाही. सही करून फॉर्म फ्रिजवर ठेवला. घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं, पण फ्रिज उघडताना सगळे वर बघायचे. त्या जहाजांवरून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. बोटं मोजून घ्यावी लागतात, आणि बोटं पुरी असली तरी माणूस पुरा येतोच असं नाही.

तेवढ्यात पाहणीची बोट आली. खोल पाण्यातली मोठी माकूळ कुठे आहे ते शोधायला दहा दिवस दिलेले. मिळाली तर खोल दोरीचं सामान, म्हणजे मोटारीवरच्या रिळी, हजार हजार मीटर दोरी, पाण्यातले दिवे, तरंगते फुगे, सगळं आमच्या बंदराला, आणि त्यातला पहिला संच वाट दाखवणाऱ्या कप्तानाच्या बोटीला. नाही मिळाली तर सामान बांधून दुसऱ्या बंदराला. वाट दाखवायला धाकट्याची निवड झाली. त्या संध्याकाळी तो वर माझ्या खोलीत आला.

"ताई, नकाशा दे ना. साहेबांना दाखवतो."

मी टाचण्या काढल्या, नकाशा टॉवेलात गुंडाळून दिला. मला वाटलं साहेब बोलावतील, विचारतील. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये मुद्दाम स्वच्छ एप्रन घालून गेले. कोणी बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी बोट गेली. मी म्हटलं, असेल, धाकट्यानं सांगितलं असेल सगळं.

तर आठव्या दिवशी, बोट परत आल्यावर, साहेब शेडमध्ये आला. तिशीचा असेल. दिसेल तो मासा मोजत सुटतो म्हणून धक्क्यानं त्याला फूटपट्टी हे नाव पहिल्याच दिवशी देऊन टाकलं होतं. माझ्या टेबलावरच्या टूनाला त्यानं पट्टी लावली, वहीत आकडा लिहिला आणि म्हणाला, "तुम्ही कप्तानांच्या भगिनी ना?"

"हो."

"भावानं फार मेहनतीनं केलाय हो नकाशा. मी आमच्या वरिष्ठांनाही सांगितलं. पण काय करणार, पाण्यातच काही नाही."

मी सुरी थांबवली नाही. "कोणी केलाय?"

"तुमच्या भावानं. नेलपॉलिशचा. बाटली तुमची होती म्हणे." आणि हसला. वाईट नव्हता हसला, कौतुकानं हसला, त्याचाच जास्त राग आला.

शेजारच्या टेबलावरची मावशी थांबली. ती अकरा वर्षं माझं "कुठे धरलास, कुठे धरलास" ऐकत आली आहे.

"साहेब," मी म्हटलं, "दोऱ्या सोडल्यात कुठे?"

त्यानं खिशातून नकाशाची प्रत काढली. रंगीत, चकचकीत कागदावर, एकेक ठिपका स्वच्छ. बोट ठेवलं ते बंदराबाहेरच्या पुरळावर. "इथे. जिथे ठिपके दाट तिथेच."

"हे गुलाबी आहेत."

"हो, ते मी विचारलं होतं. दोन रंग का म्हणून. तर भाऊ म्हणाले, लाल बाटली संपली, मग हाताशी होती ती गुलाबी घेतली."

मी सुरी हातात तशीच धरून टेबलाला वळसा घातला.

"बाई," मावशी म्हणाली, "सुरी आधी खाली ठेव."

मी सुरी ठेवली. एप्रन ठेवायचं सुचलं नाही. तशीच, अंगावर खवलं आणि रक्त घेऊन धक्क्यावरून चालत गेले, आणि लोक आपोआप बाजूला झाले. धाकटा पांढऱ्या बोटीच्या मागच्या डेकवर बसून गळ साफ करत होता. सात दिवसांत एक मासा न लागलेले गळ, आणि हा ते साफ करत होता. शेजारी भावजय, डबा घेऊन आलेली. मला बघून ती उठून उभी राहिली.

"लाल बाटली संपली होय रे?" मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा झाला की मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. पण मी विचारलं. मला सगळं ऐकायचं होतं.

"ताई, मी म्हटलंच नाही की माझा आहे. साहेब म्हणाले, कप्तान, तुमचा नकाशा छान आहे. मी गप्प राहिलो."

"मग?"

"मग ते सगळ्यांना तसंच सांगायला लागले. आता मध्येच कसं सांगायचं?"

"आणि रंगाचं?"

"त्यांनी एकदम विचारलं. सगळे बसले होते. माझा नकाशा आणि मला माहीत नाही, असं कसं म्हणू?"

"बोट सुटायच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्यासमोर बसून जेवलास. दोन पोळ्या जास्त घेतल्यास. तेव्हा विचारायचंस मला!"

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं ना, की मी..."

मी त्याच्याकडे बघत राहिले. सात वर्षांचा होता तेव्हाही असाच. खिशात गोळी ठेवून चिकट झालेला हात पाठीमागे धरायचा. तेव्हा मला हसू यायचं.

आणि मग मला दुसरंच काहीतरी लक्षात आलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. अकरा वर्षं. अकरा वर्षं तो नकाशा त्याच्याच घरात, एका जिन्याच्या अंतरावर होता. तो दिवा बदलायला वर आला होता, पंखा दुरुस्त करायला आला होता, मी तापानं पडले तेव्हा रात्रंदिवस माझ्या उशाशी बसला होता, तेव्हाही समोर नकाशाच होता. एकदाही त्यानं विचारलं नव्हतं की ताई, दोन रंग का. साहेबाला सांगितलं ते त्यानं ऐन वेळी बनवलेलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. ताईची बाटली संपली असेल.

भावजय म्हणाली, "ताई, तुमच्या पाया पडते, आत्ता नको. साहेबांना कळलं तर यांचं नाव कापतील. मग फ्रिजवरचा तो..." मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

धाकटा म्हणाला, "तू मला हळूच सांग फक्त. लाल का गुलाबी. मी साहेबांना सांगतो, मी पुन्हा विचार केला म्हणून."

हळूच! मी त्याच्या कानाशी वाकून बोलायचं, आणि त्यानं सगळ्यांसमोर विचार केल्यासारखं दिसायचं. खरं सांगते, एक क्षण मी वाकलेही असते. भाऊ घरी राहणं हे माझ्यासाठी माझ्या नावापेक्षा मोठं होतं. पण त्यानं ते इतक्या सहज मागितलं, मीठ मागावं तसं, की माझ्यातलं काहीतरी ताठ झालं ते झालंच.

मी वळले. फूटपट्टी मागेच उभा होता. किती ऐकलं त्यानं कोण जाणे.

"नकाशा माझा आहे," मी म्हटलं. "लाल म्हणजे कातडीसकट माकूळ, ताजी. गुलाबी म्हणजे नुसती चोच, शिळी. तुम्ही सात दिवस उष्ट्या ताटांवर दोरी टाकत होता."

तो गोंधळला. "पण प्रत्येक ठिपक्यामागे काही नोंद..."

"विचारा."

त्यानं प्रतीवर एक लाल ठिपका दाखवला. मी सांगितलं: तलवारमासा, माझ्या छातीएवढा, सकाळी नऊला ओढलेला, आत दोन माकुळी, एकीचे डोळे शाबूत. दुसरा दाखवला. टूना, दुपारचा, आत एक माकूळ, अर्धी, पण पंख पुरा. तिसरा. चौथा. पाचव्याला त्यानं प्रत खाली केली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मग कप्तानांनी..."

"त्याचं मी बघते. तुमच्याकडे दोन दिवस उरलेत. मी बोटीवर येणार."

"यादीत तुमचं नाव नाही."

"पेन आहे ना खिशात?"

"हुद्दा काय लिहू?"

"पोटफाडी लिहा."

त्यानं लिहिलं, "मासे कापणी कामगार, निरीक्षणासाठी". बोट दुपारी सुटली.

वाटेत मी धाकट्याशी बोलले नाही. बोटीवर न बोलणं अवघड असतं, जागाच नसते. तो शिडीनं वर आला की मी खाली जायची. इंजिनवाला, मिशाळ, गमत्या माणूस, म्हणाला, "बाई, तुम्ही दोघं तराजूसारखे का वर-खाली होताय?" कोणी हसलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी आम्ही लाल ठिपक्यांवर पोहोचलो. खोल दोरीची पद्धत साधी आहे. वर एक तरंगता फुगा, त्यावर झेंडा. त्याच्याखाली सरळ उभी दोरी, तळाशी वजन, वजनाच्या वर एक छोटा दिवा आणि काट्यांचे झुपके असलेले गळ. अशा बारा दोऱ्या ओळीनं सोडायच्या आणि झेंड्यांकडे बघत बसायचं. माकूळ लागली की झेंडा कलतो. साहेबानं दोऱ्या तीनशे मीटरवर लावल्या. बाराच्या बारा झेंडे दिवसभर शाळेतल्या मुलांसारखे ताठ उभे होते.

दुपार कलली. समजा मी चुकले असले तर? समजा एवढा तमाशा करून जागा रिकामीच निघाली तर? धाकटा समोरच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याच्या तोंडावर "बघ" असं काही नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं, एक सणसणीत वाजवता तरी आली असती.

साहेब माझ्याजवळ येऊन बसला. आज पट्टी खिशात होती. "ताई," तो म्हणाला, आणि हे ताई त्यानं पहिल्यांदाच म्हटलं, "त्या लाल ठिपक्यांच्या पोटांत माकुळीबरोबर आणखी काय असायचं?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला.

"छोटे काळे मासे," मी म्हटलं. "बोटाएवढे. मोठे डोळे, पोटाखाली शर्टाच्या बटणांसारखी चमकणारी टिकल्यांची ओळ. प्रत्येक वेळी असायचे. चोचीबरोबर कधी नाही."

तो उठून धावतच आत गेला आणि एक जाड पुस्तक घेऊन आला. पान उघडून माझ्यासमोर धरलं. "हा?"

"हाच."

"हा दिवसा पाचशे मीटरच्या वर येत नाही." त्यानं कपाळावर हात मारला. "माकूळ त्याच्यामागे असणार. आपण अर्ध्यातच दोरी थांबवली."

आपण म्हणाला. बरं वाटलं. सात दिवसांचं विसरले नाही, पण बरं वाटलं.

दहाव्या दिवशी, शेवटच्या, सकाळी साडेपाचशे मीटर दोरी सोडली. दोरी संपता संपेना. मग झेंड्यांकडे डोळे. एक तास. दोन तास. सातवा झेंडा किंचित हलला. लाट असेल. मग तो एका बाजूला असा कलला जणू कोणी खालून त्याचा हात धरून ओढतंय, आणि कललेलाच राहिला.

"सात नंबर!" धाकटा ओरडला. पहिला तोच ओरडला, हे मी मान्य करते.

रीळ फिरायला लागली. साडेपाचशे मीटर वर यायला किती वेळ लागतो ते मला कोणी विचारू नका, मला तो वेळ मोजता आला नाही. मग निळ्या पाण्यात खाली एक तांबडी सावली दिसली, ती मोठी झाली, आणखी मोठी झाली, आणि पंख पसरलेली, विटेच्या रंगाची, टेबलाएवढी माकूळ पाण्यावर आली आणि तिनं आम्हा सगळ्यांच्या अंगावर शाई सोडली. अकरा वर्षं मी तिला तुकड्यातुकड्यांत ओळखत होते. पूर्ण, जिवंत, पहिल्यांदाच बघत होते. ती रागावलेली दिसत होती. मला ती फार आवडली.

"खाली बघा," साहेब म्हणाला.

तिच्या मागोमाग दुसरी आली होती. तिला गळ लागलेला नव्हता. पहिली बोटीवर ओढली गेली तरी ती बोटीखालीच घुटमळत राहिली, रंग बदलत, लाल, पांढरी, लाल.

"या जातीच्या माकुळी जोडीनंच राहतात," साहेब म्हणाला. "एक वर आली की दुसरी सोडून जात नाही."

"नवरा असणार," इंजिनवाला म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. "भाऊ असता तर एव्हाना खाली गेला असता."

धाकट्यानं ऐकलं. त्याच्या हातात आकड्याची काठी होती. ती त्यानं तशीच धरून ठेवली, आणि दुसऱ्या माकुळीला शेवटी इंजिनवाल्यानं वर घेतलं.

दुपारपर्यंत अकरा झाल्या. साहेब पट्टी लावून दमला. मग त्यानं केबिनमध्ये टेबलावर फॉर्म काढला. नव्या जागेची नोंद. अक्षांश, रेखांश, खोली, संख्या, सगळं भराभर लिहिलं आणि एका रकान्यापाशी थांबला.

"मार्गदर्शक," तो म्हणाला. "ताई, इथे नियमाप्रमाणे बोट असलेल्या कप्तानाचंच नाव येतं. पहिला संच त्याच्याच बोटीला. तुमच्याकडे..."

"बोट नाही, ठाऊक आहे मला. हा नियम करणाऱ्यानं कधी माशाचं पोट उघडलंय का?"

"नसावं."

"माझ्या भावाचं लिहा."

धाकट्यानं श्वास सोडला. सगळ्या केबिनला ऐकू जाईल असा सोडला. म्हणजे झालं, सुटलो, ताई आहेच. त्या श्वासानं माझं डोकं पुन्हा फिरलं.

"ती खालची मोठी चौकट कसली?"

"शेरा. हवामान वगैरे लिहितो आम्ही."

"ती हा लिहील." मी साहेबाच्या हातातलं पेन घेऊन धाकट्यासमोर ठेवलं. "काय झालं ते लिही."

"सगळं?"

"सगळं."

साहेब हळू आवाजात म्हणाला, "ताई, खोटी माहिती दिली असं कागदावर आलं तर वरचे लोक संच अडवतील. मी लिहू नका म्हणत नाही. पण अडवतील."

म्हणजे फ्रिजवरचा फॉर्म. ते आम्हा तिघांनाही कळत होतं. मी धाकट्याला म्हटलं, "तुझं तू ठरव." हे खरं नव्हतं. माझं मी ठरवलेलं होतं. त्यानं पेन खाली ठेवलं असतं तर मी त्याला जन्मात पुन्हा एकही ठिपका दाखवणार नव्हते, मग तो जहाजावर जावो नाहीतर चंद्रावर.

बाहेर इंजिनवाला दोऱ्या गुंडाळत होता. धाकट्यानं पेन उचललं आणि लिहायला घेतलं. चौथीनंतर त्यानं सहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. एकेक अक्षर कोरत होता, ओठ हलवत. मी मदत केली नाही.

"नकाशा माझ्या मोठ्या बहिणीने केला आहे. मी तो माझा आहे असे समजू दिले. रंगांचा अर्थ मला माहीत नव्हता. विचारायची लाज वाटली म्हणून खोटे सांगितले. सात दिवस माझ्यामुळे गेले. ही जागा बहिणीने शोधली."

साहेबानं वाचलं. पेन घेतलं, आणि खाली स्वतःची एक ओळ घातली: "मीही नकाशा करणाऱ्या व्यक्तीकडे चौकशी केली नाही." मग सही केली. मी त्याला चहा करून दिला. धाकट्याला दिला नाही.

वरच्या लोकांनी अडवलंच. सामान आमच्या बंदराला मिळालं, पण पहिला संच त्या भांग पाडणाऱ्या कप्तानाच्या बोटीला गेला. धाकट्याचं नाव दुसऱ्या खेपेच्या यादीत घातलं, चार-पाच महिन्यांनी येईल म्हणाले, येईल तेव्हा खरं. जहाजाचा फॉर्म द्यायची शेवटची तारीख एका मंगळवारी होती. त्या दिवशी भावजयीनं सकाळपासून तीनदा फ्रिज पुसला. धाकटा दुपारी जेवला, हात धुतले, आणि फॉर्मकडे न बघता माझ्या मागून शेडमध्ये आला.

"चार महिने काहीतरी करावं लागेल," तो म्हणाला.

चौथं टेबल रिकामं होतं. मावशीनं त्याच्या अंगावर एप्रन फेकलं. "ये कप्तान. ही बोट बुडत नाही, पण नाक धरून चालवावी लागते."

पहिला आठवडा त्यानं नुसती नासाडी केली. मी काही शिकवलं नाही, मावशीनं शिकवलं. मावशी मला विचारते, राग गेला का गं? नाही गेला. मला तो घालवायची घाई नाही. तो मी मांजरासारखा पाळला आहे, रोज थोडं खाऊ घालते.

काल त्याच्यासमोर एक मोठा टूना आला. त्यानं पोट उघडलं आणि थांबला. बादलीत टाकायच्या आधी हात आत घालून काहीतरी बाहेर काढलं, तळहातावर घेऊन उलटसुलट केलं. माझ्याकडे बघितलं. मी माझ्या माशाकडे बघत राहिले. पाण्याचा पाइप चालू होता.

"ताई," तो म्हणाला. मग सगळ्या शेडला ऐकू जाईल असं, मोठ्यानं म्हणाला, "मला हे कळत नाही. सांग."

मी हात धुतले आणि त्याच्या टेबलापाशी गेले.